एकच माल, दोन वजने: लातूरच्या काटा ॲपमधल्या सामायिक लायब्ररीचे प्रकरण

सोयाबीनचे २५ कट्टे. बारदाना वजा जाऊन निव्वळ वजन १२१२ किलो ५०० ग्रॅम. आडतीवरच्या ॲपने काटापट्टीवर १२.१३ क्विंटल छापले. तोच माल गोदामात उतरला तेव्हा गोदामाच्या ॲपने १२.१२ लिहिले. वजन एकाच काट्यावर एकदाच केलेले, मापाडी तोच, दोन्ही ॲप एकाच दिवशी बिल्ड केलेली (कोडपासून तयार केलेली), आणि दोन्हींत वजनाचा हिशोब करणारी लायब्ररी, म्हणजे अनेक ॲपमध्ये वापरला जाणारा सामायिक कोड, तीही एकच.

फरक एका किलोचा आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या दराने ही तफावत ५३ रुपये २८ पैशांची होते. रक्कम लहान दिसते, पण शेतकऱ्याच्या हातात पट्टी एक सांगते आणि गोदामाची नोंद दुसरे सांगते, तेव्हा वाद पैशांचा राहत नाही, काट्यावरचाच विश्वास जातो. दसऱ्यानंतर लातूरच्या बाजारात आवक वाढते तेव्हा तर असा वाद मिटवायलाही कोणाला सवड नसते.

या लेखातली मांडणी उदाहरणादाखल घेतली आहे. त्रुटी आणि त्यांची कारणे मात्र साधनांच्या खऱ्या वागण्यातली आहेत, आणि छोट्या टीममध्ये त्या वरचेवर दिसतात.

मांडणी काय होती

चार जणांची टीम आणि तीन ॲप. आडतीवरचे काटा ॲप आणि गोदाम ॲप कोटलिनमध्ये आहेत. शेतकऱ्याला त्याच्या पट्ट्या दाखवणारे तिसरे ॲप फ्लटरमध्ये आहे. कोटलिनच्या दोन्ही ॲपमध्ये ‘वजन’ नावाची लायब्ररी वापरली जाते. ब्लूटूथवरून काट्याचा आकडा वाचणे, बारदाना वजा करणे, क्विंटलमध्ये रूपांतर करणे आणि ५८ मिलिमीटरच्या थर्मल प्रिंटरवर पट्टी छापणे ही तिची कामे. (हे प्रिंटर बहुधा देवनागरी अक्षरे थेट छापत नाहीत. त्यामुळे लायब्ररी पूर्ण पट्टीचे ३८४ ठिपके रुंदीचे चित्र बनवून पाठवते. हे काम प्रत्येक ॲपमध्ये वेगळे लिहिण्यासारखे नाही, म्हणून लायब्ररी वेगळी काढणे योग्यच होते.)

लायब्ररी स्वतंत्र गिट रेपोत, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात, होती. ॲपच्या बिल्ड फाइलमध्ये ती जिटपॅकमार्फत मागवली जायची. जिटपॅक ही सेवा गिटच्या रेपोतून लायब्ररी बिल्ड करून मेव्हन पद्धतीने (लायब्ररी वाटण्याची रूढ पद्धत) पुरवते. व्हर्जनच्या जागी टॅग (एखाद्या कमिटला दिलेले नाव) चालतो, कमिटचा, म्हणजे नोंदलेल्या बदलाचा, हॅश (त्याची ओळख पटवणारी अक्षरमाला) चालतो आणि ब्रांचचे (कामाच्या शाखेचे) नावही चालते. दोन्ही ॲपमध्ये ‘मेन-स्नॅपशॉट’ लिहिले होते, म्हणजे मेन ब्रांचवर त्या घडीला जे शेवटचे असेल ते. रोज टॅग लावण्याची कटकट नको, हा हेतू.

एका दिवसात दोन लायब्ररी कशा आल्या

ग्रेडल हे ॲप बिल्ड करणारे साधन स्नॅपशॉटला ‘बदलते मॉड्यूल’ मानते. एकदा उतरवलेली प्रत ते २४ तास कॅशमधूनच (लॅपटॉपवरच्या साठ्यातूनच) देते, रेपोत काय बदलले हे त्या अवधीत विचारतही नाही. गोदाम ॲप ज्या लॅपटॉपवर बिल्ड झाले तिथे आदल्या संध्याकाळची प्रत कॅशमध्ये होती. काटा ॲप दुसऱ्या लॅपटॉपवर बिल्ड झाले. तिथे कॅश रिकामी असल्यामुळे सकाळी मेनवर चढलेला नवा कमिट आला. दोन्हीकडे बिल्ड हिरवे, दोन्हीकडे इशारा नाही.

ग्रेडलच्या डिपेंडन्सी अहवालातून (ॲप कोणत्या लायब्ररींवर अवलंबून आहे त्या यादीतून) हे उघड होत नाही, कारण दोन्ही लॅपटॉपवर तो ‘मेन-स्नॅपशॉट’ एवढेच सांगतो. ग्रेडलची लॉकफाइल (वापरलेली व्हर्जन नोंदणारी फाइल) लावली असती तरी तिच्यात तेच नाव लिहिले गेले असते. नाव स्थिर आणि नावामागचा माल बदलता असेल तर त्या नावाला कुलूप लावून काही साधत नाही.

खरा पुरावा कॅशच्या फोल्डरमध्ये मिळतो. होम फोल्डरमधल्या ग्रेडलच्या कॅशमध्ये ‘मॉड्यूल्स-२’ आणि त्याखाली ‘फाइल्स-२.१’ असे फोल्डर असते. आत ग्रुप, मॉड्यूल, व्हर्जन अशी उतरंड आणि शेवटी प्रत्येक फाइलसाठी एक फोल्डर, ज्याचे नाव म्हणजे त्या फाइलचा हॅश. दोन लॅपटॉपवर एकाच व्हर्जनखाली एएआर फाइलच्या (अँड्रॉइड लायब्ररीच्या तयार फाइलच्या) फोल्डरची नावे वेगळी निघाली, तर लायब्ररी वेगळी आहे हे तिथेच सिद्ध होते. ही तपासणी कॅश पुसण्याआधी करायची. अशा वेळी सगळ्यांचा हात आधी ‘रिफ्रेश-डिपेंडन्सीज’कडे, म्हणजे सगळे नव्याने उतरवण्याच्या पर्यायाकडे जातो. त्याने दोन्हीकडे नवी प्रत येते, तफावत तात्पुरती नाहीशी होते आणि आधी कोणती प्रत वापरली गेली हे सांगणे अवघड होते.

आता तो कमिट. जुन्या कोडमध्ये क्विंटलचा आकडा ‘डेसिमल-फॉरमॅट’ने दोन दशांशांवर आणला जायचा. तो वर्ग काही न सांगितल्यास ‘हाफ-ईव्हन’ नियम लावतो. आकडा बरोबर मधोमध पडला तर सम अंकाकडे झुकायचे, म्हणून १२.१२५ चे १२.१२. नव्या कमिटमध्ये ती ओळ सुटसुटीत करण्यासाठी ‘स्ट्रिंग-फॉरमॅट’ वापरले. त्याचा नियम ‘हाफ-अप’, म्हणून १२.१३. फरक फक्त अर्ध्या किलोवर संपणाऱ्या काही वजनांत दिसतो. चाचण्या १००, ५०० आणि १००० किलोच्या गोल आकड्यांवर लिहिलेल्या होत्या, त्या सगळ्या पास झाल्या.

त्याच बदलात दुसरी खोट लपली होती. जुन्या ओळीत अंकांसाठी अमेरिकी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) स्पष्ट दिलेले होते, नव्या ओळीत ते गळाले. फोनची भाषा मराठी असेल तर ‘स्ट्रिंग-फॉरमॅट’ देवनागरी अंक देते. पट्टीवर ते छानच दिसतात. पण तोच मजकूर डेटाबेसमध्ये ठेवून पुन्हा ‘टू-डबल’ने वाचायला गेले की ॲप कोसळते, कारण ते रूपांतर देवनागरी अंक स्वीकारत नाही. पूर्णांकाचे ‘टू-इंट’ मात्र स्वीकारते. त्यामुळे कट्ट्यांची संख्या वाचली जाते, वजन वाचले जात नाही, आणि शोधणारा भलतीकडे भरकटतो. ऑफिसमधले चाचणीचे सगळे फोन इंग्रजीत होते. बाजारातले बहुतेक मराठीत.

त्याच दिवशीची दुरुस्ती

हंगाम चालू असताना बिल्डची रचना बदलायची नसते. पहिल्या दिवशी एवढेच केले: दोन्ही ॲपमध्ये ‘मेन-स्नॅपशॉट’ काढून शेवटच्या खात्रीच्या कमिटचा हॅश लिहिला. एका ओळीचा बदल, आणि दोन्ही लॅपटॉपवर तीच फाइल. टॅग न घेता हॅश घेण्याचे कारण साधे आहे: टॅग पुसून दुसऱ्या कमिटवर लावता येतो, हॅशच्या बाबतीत ते शक्य नाही.

प्ले स्टोअरवर मागे जाता येत नाही. आधीपेक्षा लहान व्हर्जन कोड घेतला जात नाही. म्हणून ‘जुनी लायब्ररी, नवा व्हर्जन कोड’ असे बिल्ड करून पुढे ढकलावे लागते. टप्प्याटप्प्याने वितरण चालू असेल तर आधी ते थांबवायचे, मग हे बिल्ड चढवायचे. ज्यांच्याकडे सदोष ॲप पोहोचले आहे ते मात्र नवे बिल्ड उतरवेपर्यंत सदोषच वापरत राहतात. काटा ॲप किती आडतींवर कोणत्या व्हर्जनने चालू आहे, याची यादी म्हणूनच हवी.

हिशोबातली दुरुस्ती लायब्ररीत झाली. वजन आता सर्वत्र पूर्ण ग्रॅममध्ये, दशांशाशिवाय ठेवले जाते. रक्कम ग्रॅमवरून थेट पैशांत काढायची आणि गोल करायचे ते एकदाच, शेवटी, नियमाचे नाव लिहून. १२,१२,५०० ग्रॅमला ५,३२८ च्या दराने नेमके ६४,६०२ रुपये होतात. क्विंटल आधी गोल केले तर एका बाजूने ६४,५७५.३६ आणि दुसऱ्या बाजूने ६४,६२८.६४. दोन्ही चुकीचे. पट्टीवर क्विंटल तीन दशांशांत छापले की अर्धा किलो दिसतो आणि प्रश्नच मिटतो.

कायमची रचना: कोणती आणि का

एएआर फाइल बनवून प्रत्येक ॲपच्या ‘लिब्ज’ फोल्डरमध्ये टाकणे हा पर्याय सर्वांत आधी सुचतो. तो इथे बाद केला. एएआरमध्ये लायब्ररीचा कोड असतो, पण ती ज्यांवर अवलंबून आहे त्यांची यादी नसते. ती यादी मेव्हनच्या पॉम फाइलमध्ये असते. नुसती एएआर उचलली तर ॲप कंपाइल होते आणि चालताना एखादा वर्ग सापडत नाही म्हणून पडते. शिवाय महिन्याभराने त्या फाइलमध्ये कोणता कमिट आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

टॅग लावून मेव्हन रेपोत प्रकाशित करणे हा उत्तम मार्ग आहे. ॲप सहा-सातच्या वर गेली किंवा लायब्ररी दुसऱ्या टीमला द्यायची झाली, तर तोच घ्यावा. इथे अडचण वेगळी होती. लायब्ररी आणि ॲप एकाच वेळी बदलत होते. प्रिंटरच्या मांडणीतला एक ठिपका हलवण्यासाठी टॅग, प्रकाशन आणि व्हर्जन बदल ही फेरी दिवसातून दहा वेळा कोणी करत नाही. मग पळवाट म्हणून पुन्हा स्नॅपशॉट येतो. दुसरे कारण म्हणजे रिलीज बिल्डच्या वाटेत बाहेरची एक सेवा कमी झालेली बरी. जे-सेंटर ही लायब्ररी पुरवणारी सेवा बंद होणार ही घोषणा फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली तेव्हा अनेकांना हातातले काम सोडून बिल्ड फाइल बदलत बसावे लागले होते.

म्हणून निवड झाली गिट सबमॉड्यूल आणि ग्रेडलच्या कंपोझिट बिल्डची. सबमॉड्यूलमध्ये ॲपच्या रेपोत लायब्ररीच्या एका नेमक्या कमिटचा पूर्ण हॅश नोंदला जातो. ॲपचा कमिट कळला की लायब्ररीचा कळतो, वेगळे विचारावे लागत नाही. कंपोझिट बिल्ड ते फोल्डर थेट सोर्समधून बिल्ड करते.

जोडणी छोटी आहे. ॲपच्या रेपोत ‘गिट सबमॉड्यूल ॲड’ने लायब्ररी ‘वजन’ फोल्डरमध्ये आणायची. पत्ता सापेक्ष द्यायचा, म्हणजे ‘एक पायरी वर, वजन डॉट गिट’ अशा रूपात. मग ज्याने ॲप एसएसएचने क्लोन केले त्याला लायब्ररीही एसएसएचने मिळते आणि एचटीटीपीएसवाल्याला एचटीटीपीएसने. सेटिंग्ज फाइलमध्ये ‘इन्क्लूड-बिल्ड’ची एक ओळ. ॲपच्या डिपेंडन्सीची ओळ ग्रुप, नाव आणि व्हर्जनसह तशीच राहते. ग्रेडल ती ओळखून स्थानिक प्रोजेक्ट तिच्या जागी बसवते.

पण कधी बसवते? लायब्ररी प्रोजेक्टचा ग्रुप आणि नाव ॲपने मागितलेल्या ग्रुप-नावाशी तंतोतंत जुळले तरच. इथे लायब्ररीचे मॉड्यूल ‘कोअर’ या फोल्डरमध्ये होते आणि प्रकाशित नाव होते ‘वजन’. जुळणी झाली नाही. ग्रेडलने तक्रार न करता नेटवरून जुनी प्रकाशित प्रत आणली. लायब्ररीत कितीही बदल केले तरी ॲपमध्ये काही दिसेना, असा अर्धा दिवस यात जातो. उपाय म्हणजे ‘इन्क्लूड-बिल्ड’च्या आत बदलीचा नियम लिहून सांगणे: या मॉड्यूलऐवजी हा प्रोजेक्ट. खात्रीसाठी ‘रिलीज-रनटाइम-क्लासपाथ’चा डिपेंडन्सी अहवाल काढायचा. लायब्ररीच्या ओळीपुढे बाण आणि ‘प्रोजेक्ट’ हा शब्द दिसला तर बदली झाली, नाहीतर नाही.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. अशी बदली होताना मागितलेले व्हर्जन पाहिले जात नाही. ॲपमध्ये १.६.० लिहिलेले असो वा १.२.०, सबमॉड्यूलमध्ये जे आहे तेच बिल्ड होते. वाचणारा १.६.० वर विश्वास ठेवून बसतो. त्या आकड्याच्या जागी ‘स्थानिक’ असा उघड शब्द लिहून टाकला, म्हणजे गैरसमजाला जागा नाही. आणि बदली कधी चुकलीच तर त्या नावाचे व्हर्जन नेटवर सापडत नाही आणि बिल्ड तिथेच थांबते. वरचा अर्धा दिवसही वाचतो.

अँड्रॉइडचे ग्रेडल प्लगइन ॲप आणि लायब्ररी दोन्हीकडे एकाच व्हर्जनचे लागते. वेगळे निघाले तर बिल्ड तसे स्पष्ट सांगून थांबते. म्हणून प्लगइनचे व्हर्जन आधी लायब्ररीत वाढवायचे, आणि ॲपमध्ये ते वाढवणारा आणि सबमॉड्यूल पुढे नेणारा बदल एकाच कमिटमध्ये करायचा.

सबमॉड्यूलचे दुखणे

सबमॉड्यूलबद्दल लोक कुरकुरतात आणि त्यात तथ्य आहे. सर्वांत घातक चूक अशी घडते. एकाने लायब्ररी पुढे नेली आणि ॲपमध्ये नवा हॅश नोंदला. दुसऱ्याने ‘गिट पुल’ केले. ॲपचा कोड नवा झाला, पण सबमॉड्यूलचे फोल्डर जुन्याच कमिटवर राहिले, कारण साधे पुल ते हलवत नाही. ‘गिट स्टेटस’ आता ‘वजन’ बदलले आहे असे दाखवते. दुसऱ्याने ते न वाचता ‘कमिट -ए’ केले, आणि लायब्ररी गुपचूप मागे गेली. वर वर्णन केलेली वजनाची दुरुस्ती अशा एका कमिटने पुसली जाऊ शकते, आणि पाहणाऱ्याला त्यात एक ओळ बदललेली दिसते: एक लांबलचक हॅश जाऊन दुसरा आला.

यावर प्रत्येकाच्या गिटमध्ये ‘सबमॉड्यूल-रिकर्स’ ही सेटिंग चालू केली. त्यानंतर पुल आणि चेकआउट करताना सबमॉड्यूलही हलते. क्लोनला ती लागू होत नाही, तिथे ‘रिकर्स-सबमॉड्यूल्स’ हाताने द्यावे लागते. शिवाय ‘डिफ-सबमॉड्यूल’ची सेटिंग ‘लॉग’ केली, म्हणजे हॅशच्या जोडीऐवजी मधल्या कमिटांची नावे दिसतात. मागे जाणारे कमिट उलट्या बाणाने दिसतात आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत.

उलटी चूकही होते. लायब्ररीत कमिट केला, ती पुश करायची राहिली, ॲप पुश झाले. बाकीच्यांना आणि सीआयला (आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेला) तो हॅश कुठेच सापडत नाही. पुशसाठी ‘रिकर्स-सबमॉड्यूल्स’ची सेटिंग ‘चेक’ ठेवली तर गिट असा पुश अडवते. आणखी एक: सबमॉड्यूलच्या फोल्डरमध्ये माणूस बहुधा कोणत्याच ब्रांचवर नसतो. तिथे काम सुरू करण्याआधी ब्रांचवर जायचे, नाहीतर पुढच्या अपडेटनंतर आपला कमिट कोणत्याच ब्रांचवर सापडत नाही. तो रिफ्लॉगमधून (गिटच्या स्थानिक नोंदवहीतून) परत काढता येतो, पण ते माहीत असायला हवे.

सीआयवर अडले ते परवानगीपाशी. गिटहब ॲक्शन्सचे आपसूक मिळणारे टोकन फक्त त्याच रेपोपुरते चालते. खाजगी लायब्ररीसाठी ‘रेपो सापडली नाही’ असे उत्तर येते आणि माणूस पत्ता तपासत बसतो. लायब्ररीच्या रेपोवर फक्त वाचण्याची डिप्लॉय की (एका रेपोपुरती प्रवेशाची किल्ली) लावायची, प्रत्येक ॲपसाठी वेगळी. एक की दोन रेपोंवर लागत नाही. ही की चेकआउटच्या पायरीला देऊन चालत नाही, कारण तिला ॲपची रेपो उघडत नाही. आधी सबमॉड्यूलशिवाय चेकआउट, मग की चढवून सबमॉड्यूलचा पत्ता एसएसएचकडे वळवायचा, मग ‘सबमॉड्यूल अपडेट --इनिट’. लगेच ‘सबमॉड्यूल स्टेटस’ चालवायचे. ओळीच्या सुरुवातीला वजा असेल तर सबमॉड्यूल आलेलेच नाही, अधिक असेल तर नोंदलेल्या कमिटपेक्षा वेगळे आले आहे. दोन्ही वेळा बिल्ड तिथेच पाडायचे.

रिलीज बिल्डमध्ये एक जुनी खोट याच वेळी वर आली. आर-८ हे अँड्रॉइडचे साधन कोड आवळताना राखायला न सांगितलेली नावे बदलते. लायब्ररीतला पट्टीचा वर्ग जेसन मजकुरातून नावाने भरला जातो. डीबगमध्ये पट्टी नीट, रिलीजमध्ये शेतकऱ्याच्या नावाची जागा कोरी. ती नावे राखण्याचा नियम प्रत्येक ॲपमध्ये न लिहिता लायब्ररीच्या ‘कन्झ्युमर रूल्स’मध्ये लिहायचा, तो ॲपला आपोआप लागतो. उलट लायब्ररीच्या मॅनिफेस्टमध्ये (परवानग्या सांगणाऱ्या फाइलमध्ये) लिहिलेली ब्लूटूथची परवानगीही अशीच सगळीकडे लागते. गोदाम ॲपला काटा जोडायचा नसतो, त्याने ती आपल्या मॅनिफेस्टमधून काढून टाकावी.

फ्लटरच्या ॲपमध्ये

पट्टी दाखवणारे डार्ट (फ्लटरची भाषा) पॅकेज गिटवरून येत होते आणि ‘रेफ’मध्ये, म्हणजे कोणती प्रत घ्यायची ते सांगणाऱ्या ओळीत, ‘मेन’ होते. इथे बचाव आधीच हाताशी असतो: पबस्पेक-लॉक फाइलमध्ये ‘रिझॉल्व्हड-रेफ’ म्हणून पूर्ण हॅश नोंदला जातो. पण ती फाइल गिट-इग्नोरमध्ये (गिटने नोंदू नयेत अशा फाइलींच्या यादीत) टाकलेली होती, त्यामुळे सीआयवर दर वेळी नवे मेन येत होते. लॉक फाइल कमिट केली, सीआयवर ‘एन्फोर्स-लॉकफाइल’ पर्याय लावला आणि ‘रेफ’मध्ये ४० अक्षरांचा हॅश लिहिला. लॅपटॉपवर स्थानिक फोल्डर वापरायचे असेल तर ते ‘पबस्पेक-ओव्हरराइड्स’ फाइलमध्ये लिहायचे. गिट-इग्नोरमध्ये जायला हवी ती ही फाइल. तेच पॅकेज दुसऱ्या एखाद्या पॅकेजनेही गिटवरून, पण वेगळ्या ‘रेफ’ने मागितले तर पब (डार्टची पॅकेजे आणणारे साधन) ते जुळवत नाही, जरी आतला कोड सारखा असला तरी. ओव्हरराइड फक्त मुख्य ॲपचा मानला जातो, पॅकेजच्या आत लिहून उपयोग नाही.

पट्टीच्या तळाशी

शेवटचा बदल बाजारातल्या माणसासाठी आहे. बिल्ड होताना सबमॉड्यूलच्या हॅशची पहिली आठ अक्षरे ‘बिल्ड-कॉन्फिग’मध्ये भरली जातात आणि काटापट्टीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापली जातात. गोदाम ॲपच्या नोंदीतही तीच जातात. आता आडतीवरून फोन आला की मुनिमाला ॲपचे व्हर्जन शोधायला लावावे लागत नाही. पट्टीवरची शेवटची ओळ वाचून दाखवा म्हटले की लायब्ररीचा नेमका कमिट कळतो, आणि त्याच कमिटवर १२,१२,५०० ग्रॅमची चाचणी चालवून पाहता येते. ही चाचणी आता लायब्ररीत कायमची आहे. ती दोनदा चालते, एकदा इंग्रजी लोकेलवर आणि एकदा मराठीवर.